भाचीचं नवं

चंद्रपूर,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

नियमाप्रमाणे हे पत्र. तुम्ही टपाल खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पोस्ट चालू राहावं म्हणून भाचीला कामाला लावलंय, असं आई म्हणते. मी म्हटलं, जुलैच्या वादळात भुरकटोल्याचा टॉवर आडवा झाला तो अजून उभा राहिलेला नाही, मग पत्रच बरं. माझ्या अक्षराला नावं ठेवू नका. दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहून हात असाच झालाय.

आता बातमी. आमचं ‘रानपाखरं’ सायकल मंडळ आहे ना, ते यंदा लेकरांच्या भुकेसाठी फेरी काढतंय. गडचिरोलीहून निघायचं, धानोऱ्यावरून आत वळायचं आणि एका गावी मुक्काम करायचा. चाळीस सायकली, पुढे पाटी: ‘एकही लेकरू उपाशी नको’. ज्या गावी मुक्काम, त्या गावच्या अंगणवाडीला वर्षभर अंडी आणि चिक्की मंडळ देणार. गाव कोणतं, ओळखा! मी सभेत उठून असं काही भाषण ठोकलं की बाकीच्या तिन्ही गावांची नावं आपोआप मागे पडली. ३१ ऑगस्टला, रविवारी, आम्ही भुरकटोल्यात. मी अर्थातच पहिल्या रांगेत असेन.

मामीच्या अंगणवाडीतला वजनकाटा अजून अडीच किलोवरच अडकलाय का? तुम्ही मागे लिहिलं होतं की दगड लटकवा नाहीतर लेकरू, काटा अडीचच दाखवतो. वाचून हसले, मग हसू आलं याचं वाईट वाटलं.

आणि हो, मामीला सांगा, सगळ्या गावाला सांगा, दिव्यानी नवं घेऊन येतेय. काय ते विचारू नका, मी सांगणारच नाही.

तुमची,
दिव्यानी

०

भुरकटोला, ता. धानोरा
१९ ऑगस्ट

चि. दिव्यानी,

आधी पाया पडतो, मग आशीर्वाद देतो. भाचीच्या बाबतीत यातलं आधी काय करायचं हे मला साठी उलटली तरी कळलेलं नाही.

तुझं पत्र मी चौकात वाचून दाखवलं. एवढ्या वर्षांची सवय, पत्र हातात आलं की दहा माणसं जमतात आणि मीही चष्मा पुसून मोठ्यानं वाचतो. तू पहिल्या रांगेत असणार हे मात्र मी मनात वाचलं. नऊ वर्षांची असताना तुला माझ्या लाल सायकलवर बसवलं होतं, तेव्हा तू थेट दसरूभाऊंच्या वांग्यांत गेली होतीस. त्यानंतर सायकल दिसली की दुसऱ्या गल्लीने जायचीस. चंद्रपूरच्या पाण्यात काय जादू आहे कोण जाणे.

पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य ऐकलं आणि दसरूभाऊ उठून उभे राहिले. गावाचे गायता ते, देवाधर्माचं सगळं त्यांच्या हातात. ते काही साध्या गोष्टीला उठत नाहीत. मला म्हणाले, “मुखरू, पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. मग ते सगळ्यांना म्हणाले, “भाची नवं घेऊन येऊन राह्यली. भाची म्हंजे देवाच्या जागी. तिच्या आंधी आपण कसे हात लावू? गाव थांबंल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरी, हे गाव गोंडांचं, त्यात आपलं एकच घर बाहेरचं. तीस वर्षं मी त्यांची पत्रं वाचली, मनिऑर्डरी पोचवल्या, पण एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. माझी छाती त्या दिवशी एवढी फुगली होती की शर्टाचं एक बटण मामीला पुन्हा शिवावं लागलं.

तेव्हा ये. तुझं नवं येईपर्यंत गाव थांबलंय.

तुझा,
मुखरूमामा

(खाली मी चंदा लिहून राह्यलो. मामाले पानभर लागते, मले दोन ओळी. बुधरीचं वजन उतरून राह्यलं, अडीच वर्साची पोर हाताले पिसासारखी लागते. एकतीसले नक्की ये. लांबवू नको.)

०

चंद्रपूर,
२८ ऑगस्ट

प्रिय मामा, प्रिय मामी,

वाईट बातमी आधी. फेरी पुढे ढकलली. गडचिरोली-धानोरा रस्त्यावर दोन ठिकाणी पाणी आहे आणि एके ठिकाणी रस्ताच वाहून गेलाय. चाळीस सायकली आणि त्यावरचे अर्धे लोक पोट सुटलेले, कशाला विषाची परीक्षा, असं सगळ्यांचं मत पडलं. आता १४ सप्टेंबर, रविवार.

तुमचं पत्र मी मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. “तुझं नवं येईपर्यंत गाव थांबलंय” म्हटल्यावर आमचे अध्यक्ष म्हणाले, बघा, माणसं कशी वाट पाहतात. मामा, थांबू द्या गावाला! अजून दोन आठवडे थांबू द्या, मजा वाढेल.

आता एक कबुली. पहिली रांग जरा वाढवून सांगितली होती. मी सायकलवर नाही, मागच्या टेम्पोत आहे. माझ्याकडे केळी, पाण्याचे कॅन आणि पंक्चरची पेटी. सभेत जोरात हात वर केला तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही की सायकल मंडळात सायकल चालवावी लागते. हसा.

मामी, बुधरीला जप. ती झिंगूभाऊंचीच ना? मागच्या दिवाळीत माझ्या ओढणीत लपून बसली होती ती?

तुमची,
दिव्यानी

०

भुरकटोला,
६ सप्टेंबर

चि. दिव्यानी,

पत्र पोचलं, नर्स नीलाबाईंनी पाण्यातून आणलं, हेही त्याच नेतील. बरं केलं, रस्त्याचं पाहून निघावं.

इकडे नाल्याला पूर आहे. आठ दिवस बस नाही. अंगणवाडीचा शिधा घेऊन येणारी गाडी पलीकडूनच परत गेली. मामीने घरातली डाळ अंगणवाडीत नेली आहे, मला वाटतं आपण दोघं आता पुढच्या पंधरवड्यात कढीच खाणार. तुझ्या टेम्पोबद्दल वाचून खूप हसलो. केळी सांभाळणं हे सायकल चालवण्यापेक्षा अवघड काम आहे, चाळीस भुकेले त्यावर नजर ठेवून असतात.

मका यंदा चांगला झालाय. परसात, बांधावर, जिकडे पाहावं तिकडे भुट्टे. काकड्याही. चांगलाच झालाय.

चौदाला नक्की ना?

तुझा,
मुखरूमामा

०

चंद्रपूर,
१० सप्टेंबर

प्रिय मामा,

मला ओरडू नका. फेरी पुन्हा पुढे गेली. पर्यायी रस्त्याची परवानगी आलेली नाही. आता २८ सप्टेंबर, आणि ही तारीख हलणार नाही असं अध्यक्षांनी पाटीवर रंगवूनच टाकलंय.

तुमचं मागचं पत्र मला जरा वेगळं वाटलं. तुम्ही मक्याबद्दल एवढं कधी लिहीत नाही. मामीच्या दोन ओळीही नव्हत्या. सगळं ठीक आहे ना? आईला दाखवलं तर ती म्हणाली, मुखरूचं वय होतंय, भुट्टे मोजत बसला असेल.

आणखी अठरा दिवस. मी येतेय, नवं घेऊन!

दिव्यानी

०

भुरकटोला,
१५ सप्टेंबर

दिव्यानी,

हे पत्र मामाले माहीत नाई. नर्स नीलाबाई कमरेइतक्या पान्यातून आली होती, तिच्याजवळ देऊन राह्यलो. ती गडचिरोलीले टाकंल.

तू काय आणून राह्यली ते सरळ सांग.

तुले आठवत नाई काय? लहानपणी उन्हाळ्यात येत होती, एखाद्या भादव्यात बी आली होती. पहिला भुट्टा तोडला म्हणून मामानं तुझा हात धरला होता. इथी पीक आलं म्हणून कोणी खात नाई. भुट्टा, काकडी, कोहळं, हलका धान, जे या पावसात पयल्यांदा आलं ते ‘नवं’. गायता दिवस धरते, देवाले देते, मंग सारं गाव एकाच दिवशी खाते. त्याच्या आंधी कोणी तोंड लावत नाई. पोरं चोरून खातात, मोठे पाह्यलं न पाह्यल्यासारखं करतात, आन आठ दिवसांत सण होऊन जाते. दर वर्साचं असं.

यंदा सण चोवीस ऑगस्टले ठरून राह्यला होता. तेवढ्यात तुझं पत्र आलं, का मी नवं घेऊन येतो. गावाले वाटलं, भाची शहरातून देवासाठी नवं घेऊन येऊन राह्यली, सायकलीवर, चाळीस मानसांसंगं. मंग तिच्या आंधी कसं खाऊ? एकतीस झाली, चौदा झाली, आता तू अठ्ठावीस म्हनतेस. तुझ्या मानापायी यंदा पोरांवर बी पहारा आहे. झाडावर भुट्टा वाळून राह्यला. घरचं जुनं संपलं, भादव्यात कोनाच्या घरी किती राह्यते? नाल्यामुळं माझा शिधा नाई. अंडी नाई.

मले पयल्या दिवसापासून वाटून राह्यलं होतं का पोरगी काटा आणंल. मी मामाले म्हनलं. ते बोलले नाई.

माझा काटा बंद आहे, हात बंद नाई. बुधरीले मी रोज उचलतो. साडेआठच्या आत गेली. महिन्याच्या शेवटी नाई चढली तर पाठीवर घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेतो, मंग तिची माय काई बी म्हनो. माय म्हनते, भाचीचं नवं आलं का चढंल पोरगी. मी काय सांगू तिले?

तुझ्यावर राग नाई. तू तर शब्दच लिहिला. पण लवकर सांग.

चंदामामी

०

चंद्रपूर,
१७ सप्टेंबर
(स्पीड पोस्ट)

मामा,

हे पत्र चौकात वाचा. मोठ्यानं वाचा, आणि एकही ओळ मनात वाचू नका.

भुरकटोल्याच्या सगळ्या मोठ्यांना, दसरूमामांना, बुधरीच्या आईला दिव्यानीचा जोहार. मी जे आणतेय ते देवाचं नवं नाही. ते वजन करायचं यंत्र आहे. चंदामामीचा जुना काटा बिघडला म्हणून मी मंडळाच्या मागे लागून विजेवर चालणारा नवीन काटा मिळवला. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून लपवलं. चंद्रपुरात नवं म्हणजे नवीन वस्तू, एवढंच. माझ्या आजोळी त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं, आणि मी विसरले. गावाने माझा मान ठेवला आणि माझ्या मानापायी लेकरं पिकलेल्या मक्यासमोर उपाशी राहिली. भुकेच्या विरोधात पाटी रंगवणारी मी, मीच भूक लांबवली.

मी तुमची भाची. तुम्ही माझ्या पाया पडता. आज मी सगळ्यांच्या पाया पडते. माझी वाट पाहू नका. आजच खा.

मामा, मी धानोऱ्याच्या पोस्टातल्या सुनिलभाऊंना फोन केला. ते म्हणाले, पत्र आलं की नाल्यापर्यंत मी स्वतः आणतो, पुढचं मुखरूभाऊ पाहतील.

दिव्यानी

०

भुरकटोला,
२१ सप्टेंबर

चि. दिव्यानी,

नेहमीसारखं आधी पाया पडतो. या वेळी मनापासून.

रोज दुपारी मी लाल सायकल काढून नाल्यापर्यंत जात होतो. सात किलोमीटर. मामीला सांगायचो, पाणी उतरलं का पाहून येतो. खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं. अंगणवाडीसमोरून जाताना मी मान खाली घालायचो.

काल पलीकडच्या काठावर सुनिल दिसला. हातात पाकीट उंच धरलेलं. पाणी कमरेच्या वर, मधे चाळीस पावलांचं अंतर. तो ओरडला, “भाऊ, काटा आहे, काटा!” मी बिचारा पाय उचलून चप्पल पाहिली. तो पुन्हा ओरडला, “पायात नाई वो! भाचीचा काटा!” माझ्यासोबत झिंगू होता, बुधरीचा बाप. तो म्हणाला, “कळलं ना आता? चला, गावात सांगू.” मी म्हटलं, नाही. कागदानं गाव थांबवलंय, कागदच लागेल. दसरूभाऊंनी जे थांबवलं ते लिहिलेलं ऐकून थांबवलं, ओरडलेलं ऐकून नाही. तीस वर्षं या गावाला मी हेच शिकवलं, की पत्र हातात येईपर्यंत खबर खरी नसते.

सायकल झाडाला टेकवली. झिंगूने माझं मनगट धरलं आणि आम्ही उतरलो. पाणी छातीला आलं तेव्हा मला मामीची आठवण झाली, म्हणजे ती काय बोलेल याची. परत येताना पाकीट टोपीत ठेवून टोपी डोक्यावर घट्ट दाबली होती. तुझं एक अक्षरही ओलं झालेलं नाही. माझं बाकी सगळं झालं. हे पुन्हा करणार नाही असं मामीने माझ्याकडून देवासमोर वदवून घेतलंय.

चौकात गाव जमलं. मी वाचलं. एकही ओळ मनात वाचली नाही. “मीच भूक लांबवली” इथे मी कागद झिंगूच्या पोराला, सुरजला दिला, पुढचं त्याने वाचलं, चौथीत आहे तो.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, भाऊ, पोरीचा दोष नाही. मला ऑगस्टपासून संशय होता. चंदाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ती काटा आणत असेल. मी गप्प बसलो. माझी भाची देवाच्या जागी, माझ्या भाचीसाठी गाव थांबलंय, हा मान मला सोडवेना. रोज वाटायचं उद्या सांगू. रोज मक्याचा एक भुट्टा वाळायचा.

दिव्यानी, हे मी तुलाही लिहायला हवं होतं. भुट्ट्यांबद्दल लिहून थांबलो. पोस्टमन असून मी खबर दाबली. याहून मोठा गुन्हा आमच्या खात्यात नाही.

दसरूभाऊ बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत होते. मग म्हणाले, “तू एकटा काऊन? आमाले बी जे आवडलं तेच आमी ऐकलं. भाची नवं आणते, यापेक्षा गोड काई असते काय?”

तेवढ्यात तुझी मामी उठली. बुधरीला कडेवर घेऊन सरळ त्यांच्यापुढे गेली आणि म्हणाली, “भाऊ, धरा. मी रोज उचलतो. आज तुमी उचला.” आणि लेकरू त्यांच्या हातात देऊन टाकलं. गायत्याच्या हातात असं कोणी काही ठेवत नाही. भाऊंनी बुधरीला धरलं. एकदा उचललं, पुन्हा थोडं वर उचललं, जसं आपण धानाची पायली उचलून अंदाज घेतो. त्यांचा चेहरा मी तीस वर्षांत असा पाहिला नव्हता. बुधरी त्यांच्या मिशीकडे पाहत होती.

म्हणाले, “माही आजी म्हने, दुधाच्या दाताले नवं-जुनं नाई. देव त्याइच्या तोंडानंच खाते. आमी विसरलो होतो. मोठ्यांचं नवं उद्या होईल. दुधाचे दात आजच खातीन.”

म्हणेपर्यंत पोरं पळाली होती. बांधावर असा कालवा झाला की गावची कुत्री घाबरून अंगणवाडीत शिरली. दसरूभाऊंनी स्वतः एक कोवळा भुट्टा भाजला, दाणे काढून मामीने ते कुटले, आणि बुधरीला त्यांच्याच मांडीवर बसवून भरवले. पहिले दोन घास तिने थुंकले. तिसरा गिळला. तिची आई मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मामी तिला रागावत होती की रडू नको, पोरगी पाहून राह्यली.

आज गावाचं नवं झालं. अठ्ठावीसला या. आता नुसता काटा आणा, आणि अंडी.

तुझा गुन्हेगार,
मुखरूमामा

०

चंद्रपूर,
२४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. छातीएवढ्या पाण्याचं वाक्य मी आईपासून लपवलंय, ती तुमची सख्खी बहीण आहे, तिथं येऊन मारेल.

तुम्ही स्वतःला गुन्हेगार म्हणालात म्हणून सांगते. मंडळात मी सगळं उभं राहून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, यापुढे कुठल्याही गावाला काही न्यायचं असेल तर आधी त्या गावच्या अंगणवाडीच्या बाईंना विचारायचं, आश्चर्याचे धक्के बंद. टेम्पोत आता चिक्कीआधी तुरीची डाळ चढवली आहे, मामीची जी गेली तेवढी आणि वर थोडी.

आणखी एक. गेले सहा दिवस मी पहाटे मैदानावर जातेय. दोनदा पडले, एकदा कचराकुंडीत. वांग्यांपेक्षा वाईट. पण काल पूर्ण फेरी मारली, पाय न टेकवता. सुनिलभाऊ म्हणतात, नाल्याचं पाणी उतरत चाललंय, सायकली पार होतील, पण टेम्पो अलीकडेच थांबणार आहे. तिथून तुमच्या गावापर्यंतचे सात किलोमीटर मला काटा माझ्या हाताने आणायचाय. लाल सायकल नाल्यावर आणून ठेवाल का?

तुमची,
दिव्यानी

०

भुरकटोला,
२ ऑक्टोबर

चि. दिव्यानी,

तू गेल्यापासून घर मोठं झालंय. मामी तीन पानं पुसते आणि मग एक परत ठेवते.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या सायकलचं हँडल अजून उजवीकडे ओढतंय, पण ते मी सरळ करणार नाही. गावात सगळे विचारतात, हे काय झालं, आणि मला पुन्हा सगळं सांगायला मिळतं. चाळीस सायकलवाले पुढे निघून गेले आणि सगळ्यांत शेवटी, एकटी, काटा कॅरिअरला बांधून, लाल सायकलवरून गुडघा फोडून आलीस तू. तुला पाहून दसरूभाऊ म्हणाले, “वांगे झाकून ठेवा रे!” त्यांना सोळा वर्षांपूर्वीचं आठवत होतं. मग सगळ्या गावासमोर ते तुझ्या पाया पडायला वाकले आणि तू त्यांच्याआधी वाकलीस, तेव्हा दोघांची डोकी आपटली, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गावाने काल सभेत एक गोष्ट ठरवली, ती कळवायला हे पत्र. पुढच्या वर्षीपासून पहिला भुट्टा पिकला की ज्यांचे दुधाचे दात पडले नाहीत ती लेकरं त्याच दिवशी खातील, गायता थांबवणार नाही. मोठ्यांचा सण नंतर, रीतीप्रमाणे. या दिवसाला नाव काय द्यायचं यावर थोडं भांडण झालं. शेवटी झिंगूने सुचवलं तेच राहिलं: भाचीचं नवं. तेव्हा तू म्हणालीस ते खोटं नव्हतं, पोरी. तू नवं आणलंसच.

यापुढचं मामीला लिहायचंय. पेन ओढून घेतलं.

(तू गेली त्या दिवशी काटा फक्त चालू करून दाखवला, बुधरी झोपून होती म्हणून तिचं राह्यलं. आज सकाळी केलं. आंधी मी हातानं उचललं, म्हनलं नऊच्या जवळ. मंग काट्यावर ठेवाले गेलो तर पोरगी हातातला भुट्टा सोडंना. उशिरा पेरलेल्या पट्टीतला शेवटचा होता. मायनं ओढला, बापानं ओढला, सोडंना, मले चावाले धावली. चावाले धावली म्हंजे बरी आहे. तशीच ठेवली. नऊ किलो दोनशे. वहीत खरं लिहावं लागते, म्हणून म्या तसंच लिहिलं: बुधरी, नऊ किलो दोनशे, भुट्ट्यासकट.)